नोंद होण्याआधीच विकली गेलेली मूर्ती: एका नटराजाच्या परतीचे प्रकरण

फेब्रुवारी 2008 मध्ये ऑस्ट्रेलियातील एका मोठ्या सार्वजनिक संग्रहालयाने न्यूयॉर्कच्या एका कलाविक्रेत्याकडून चोळकालीन नटराजाची कांस्यमूर्ती विकत घेतली. किंमत 50 लाख अमेरिकी डॉलर. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूच्या अरियलूर जिल्ह्यातल्या एका गावात, बरीच वर्षे बंद पडलेले देऊळ अधिकाऱ्यांनी उघडले, तेव्हा आतल्या आठ मूर्ती गायब असल्याचे कळले. त्यांत हा नटराज होता. चोरीची पहिली सरकारी नोंद झाली तेव्हा मूर्ती विकून सहा महिने उलटले होते.

हे प्रकरण निवडण्याचे कारण या दोन तारखांमध्येच आहे. ते न्यायालयात गेले, वृत्तपत्रांत गाजले आणि दोन पंतप्रधानांपर्यंत पोचले. तरी इथे व्यक्तींची, गावाची, संग्रहालयाची आणि विक्रेत्याची नावे मुद्दाम टाळली आहेत. नावे आली की वाचक दोषी शोधू लागतो. इथे पाहायचे आहे ते एवढेच, की प्रत्येक टप्प्यावर कोणापुढे कोणता निर्णय होता आणि त्या दिवशी त्याच्या हाती काय माहिती होती.

पार्श्वभूमी

तमिळनाडूतल्या चोळकालीन देवळांत दोन प्रकारच्या मूर्ती असतात. गाभाऱ्यातली दगडी मूर्ती हलत नाही. उत्सवमूर्ती मात्र धातूची असते आणि मिरवणुकीत बाहेर निघते, म्हणून तिच्या बैठकीला दांडे ओवायला भोके किंवा कड्या असतात. मिरवणुकीसाठी घडवलेली मूर्ती उचलून नेता येते, हेच चोराच्या पथ्यावर पडते. या गावातल्या देवळात नित्यपूजा थांबली होती आणि दार क्वचितच उघडले जात होते. पोलीस तपासानुसार 2006 मध्ये एका टोळीने एकापेक्षा जास्त खेपांत मूर्ती बाहेर काढल्या. बाहेरून पाहणाऱ्याला काही बिघडल्याचे जाणवले नाही. शेजारच्या गावातल्या देवळातूनही याच जाळ्याने अठरा मूर्ती नेल्या होत्या.

मूर्ती चेन्नईहून जहाजाने निघाल्या त्या नव्या हस्तकलेच्या वस्तू म्हणून. भारतात शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू परवान्याशिवाय बाहेर नेता येत नाही. 1972 चा पुरावस्तू व कलानिधी कायदा तसे सांगतो आणि त्याआधी 1947 पासूनच निर्यात नियंत्रणाचा कायदा होता. पण बंदरात दिवसाला शेकडो खोकी जातात. कालच ओतलेली पितळी मूर्ती आणि नऊशे वर्षांपूर्वीची कांस्यमूर्ती यांतला फरक कागदावर एका शब्दाचा असतो.

आंतरराष्ट्रीय चौकटही तेव्हा अस्तित्वात होती. सांस्कृतिक संपत्तीची अवैध आयात, निर्यात आणि मालकी-हस्तांतरण रोखणारा युनेस्कोचा करार 14 नोव्हेंबर 1970 रोजी स्वीकारला गेला. भारत त्यात 1977 मध्ये सामील झाला, ऑस्ट्रेलिया 1989 मध्ये. ऑस्ट्रेलियाचा 1986 चा कायदा त्याहून पुढे जातो. दुसऱ्या देशाच्या कायद्याचा भंग करून बाहेर काढलेली सांस्कृतिक वस्तू ऑस्ट्रेलियात आणणे हेच त्या कायद्याने बेकायदा ठरते आणि मूळ देशाने मागणी केल्यास ती जप्त करून परत देता येते. मूर्ती निघाली तेव्हा हे सगळे कायदे लागू होते, आणि तिला त्यांतल्या एकानेही वाटेत अडवले नाही.

पहिला निर्णय: घ्यावी की नाही

विक्रेत्याने मूर्तीबरोबर कागद दिले होते. त्यांतली हकिगत अशी: एक परदेशी मुत्सद्दी 1968 ते 1971 या काळात दिल्लीत नेमणुकीवर होता, तेव्हा त्याने ही मूर्ती घेतली आणि देशाबाहेर नेली. पुढे ती त्याच्या पत्नीकडे राहिली आणि तिच्याकडून विक्रेत्याकडे आली. तिच्या सहीचे पत्र सोबत होते.

ही हकिगत किती विचारपूर्वक रचली होती, ते कळायला 1970 या वर्षाचे महत्त्व लक्षात घ्यावे लागते. युनेस्कोचा करार पूर्वलक्षी नाही. त्यामुळे जगभरच्या संग्रहालयांनी 1970 ही सोयीची रेघ मानली: त्याआधी मूळ देशाबाहेर पडलेली वस्तू घ्यायला फारशी हरकत नाही, नंतरची असेल तर जपून. बाजाराने ही रेघ लगेच ओळखली. बनावट कागदांतल्या तारखा साठ-सत्तरच्या दशकांच्या सीमेवर गोळा होतात, त्या यामुळे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने 2017 मध्ये घेतलेली प्राचीन इजिप्तमधली सोनेरी शवपेटी 2019 मध्ये परत करावी लागली. तिच्यासोबतचा निर्यात परवाना 1971 चा असल्याचे दाखवले होते, पण त्यावरच्या शिक्क्यात देशाचे जे नाव होते ते त्या तारखेला अजून अधिकृत झालेच नव्हते. शिक्का नीट वाचला असता तर तेवढ्यावरून बनाव उघड झाला असता.

आपल्या प्रकरणातल्या संग्रहालयाने तपासणी केलीच नाही, असे म्हणता येत नाही. चोरीच्या कलावस्तूंच्या एका खासगी नोंदवहीत मूर्ती शोधली गेली आणि ती तिथे नाही असा दाखला मिळाला. तमिळनाडू पोलिसांनी प्रसिद्ध केलेल्या चोरीच्या मूर्तींची यादीही पाहिली गेली. शिवाय बाहेरच्या कायदेशीर सल्लागाराचे मत घेतले. त्याने मालकीच्या इतिहासाचा पुरावा तोकडा आहे आणि खरेदीत जोखीम आहे, असे लेखी कळवले.

संग्रहालयापुढे तीन वाटा होत्या. कागद अपुरे आहेत म्हणून मूर्ती नाकारायची. किंवा भारतीय अधिकाऱ्यांना छायाचित्र पाठवून विचारायचे आणि उत्तर येईपर्यंत थांबायचे. किंवा विक्रेत्याकडून मालकीची हमी घेऊन व्यवहार करायचा, म्हणजे पुढे काही निघाले तर पैसे परत मागता येतील. संग्रहालयाने तिसरी वाट घेतली.

माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा कणा इथे आहे. संग्रहालयाने स्वतःला विचारलेला प्रश्न होता, ‘ही चोरीची असल्याचा पुरावा आहे का?’ त्याचे उत्तर प्रामाणिकपणे ‘नाही’ असेच येणार होते, कारण चोरी झाल्याचे त्या दिवशी चोरांखेरीज आणि त्यांच्या साखळीखेरीज कोणालाच माहीत नव्हते. यादीत नसलेली मूर्ती म्हणजे कोणी तक्रार न केलेली मूर्ती. बंद देवळातून, विसरलेल्या गोदामातून किंवा रात्री खणलेल्या उत्खननाच्या जागेतून गेलेल्या वस्तूची तक्रार करायला कोणी नसते. खणून काढलेल्या वस्तूबाबत तर ती जमिनीखाली होती हेच कोणाला ठाऊक नसते. म्हणून यादी कोरी असणे हा निर्दोषपणाचा पुरावा धरता येत नाही.

‘ही मूर्ती भारतातून कायदेशीर मार्गाने बाहेर पडल्याचा कागद कुठे आहे?’ असा प्रश्न विचारला असता, तर विक्रेत्याची हकिगत शब्दशः खरी धरूनही उत्तर मिळाले नसते. 1968 ते 1971 या काळात ती बाहेर गेली म्हणावे, तरी 1947 च्या कायद्याने परवाना लागतच होता आणि तो कागदपत्रांत नव्हता. बनावट पत्र ओळखायला तज्ज्ञ लागला असता. गैरहजर परवाना ओळखायला तज्ज्ञही लागत नव्हता.

उलगडा

तमिळनाडू पोलिसांचा मूर्तीचोरी तपास करणारा स्वतंत्र विभाग आहे. त्याने 2009 मध्ये स्थानिक सूत्रधाराला पकडले आणि धागा न्यूयॉर्कच्या विक्रेत्यापर्यंत गेला. पण गेलेली मूर्ती नेमकी कशी होती, हे सांगणार कोण? गावकऱ्यांच्या आठवणीवर परदेशी न्यायालयात दावा उभा राहत नाही.

मदतीला आले पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेचे छायाचित्र-संग्रहालय. या संस्थेने 1950 च्या दशकापासून दक्षिण भारतातली देवळे आणि मूर्ती पद्धतशीरपणे टिपायला सुरुवात केली आणि आज तिथे लाखाहून अधिक छायाचित्रे आहेत. ती काढली अभ्यासासाठी. चोरीचा तपास कोणाच्या मनातही नव्हता. या देवळातला नटराजही 1990 च्या दशकात तिथे टिपला गेला होता.

छायाचित्रावरून मूर्ती ओळखणे शक्य होते ते ओतकामाच्या पद्धतीमुळे. मूर्ती आधी मेणात घडवतात, तिच्यावर मातीचे थर देतात, तापवून मेण वितळवून काढतात आणि त्या पोकळीत वितळलेला धातू ओततात. मग माती फोडून मूर्ती बाहेर काढावी लागते. साचा उरतच नाही, त्यामुळे एकासारखी दुसरी होत नाही. नटराजाच्या मूर्तीत तर पाहायला खूप असते: प्रभावळीतल्या ज्वाळा किती आणि त्यांतली कोणती वाकलेली, कोणत्या ज्वाळेचे टोक तुटलेले, मोकळ्या जटांच्या बटा कुठे सांधल्या आहेत, पायाखालच्या अपस्मार राक्षसाची मान किती वळली आहे, बैठकीच्या कडेवर धातू कमी पडलेला खड्डा कुठे आहे. एखादे साम्य योगायोग म्हणून सोडता येते. दहा-बारा ठिकाणी जुने आणि नवे छायाचित्र जुळले की वाद संपतो.

ऑक्टोबर 2011 मध्ये इंटरपोलच्या सूचनेवरून विक्रेता फ्रँकफुर्ट विमानतळावर पकडला गेला आणि जुलै 2012 मध्ये प्रत्यार्पण होऊन चेन्नईत आला. अमेरिकी तपास यंत्रणांनी न्यूयॉर्कमधल्या त्याच्या गोदामांवर छापे घातले. जप्त कागदपत्रांत चोरीनंतर काढलेली मूर्तींची छायाचित्रे मिळाली. मालकीची पत्रे बनवून दिली जात होती हेही बाहेर आले आणि डिसेंबर 2013 मध्ये त्याच्या दालनाच्या व्यवस्थापकाने अमेरिकेत गुन्हा कबूल केला. या काळात काही स्वयंसेवी मूर्ती-अभ्यासकांनी आणि एका अमेरिकी शोधपत्रकाराने जुनी आणि नवी छायाचित्रे शेजारी ठेवून जाहीर केली. माझा अंदाज आहे, त्या प्रसिद्धीशिवाय सरकारी कागद एवढ्या वेगाने हलले नसते.

दुसरा निर्णय: परत द्यावी तर कशी

छायाचित्रे जाहीर झाल्यावर संग्रहालय कचाट्यात सापडले. सुरुवातीला त्याने आपल्या तपासणीचे समर्थन केले आणि निर्णायक पुरावा समोर आलेला नाही, अशी भूमिका घेतली. या भूमिकेमागे नुसता अहंकार होता असे मानणे अन्यायाचे ठरेल. मूर्ती जनतेच्या पैशाने घेतलेली सार्वजनिक मालमत्ता होती आणि ती देऊन टाकायला कायदेशीर आधार लागतो. ऑस्ट्रेलियाच्या कायद्यातली परत देण्याची तरतूद मूळ देशाच्या सरकारने मागणी केल्यावर लागू होते. भारताची औपचारिक मागणी पोचली ती मार्च 2014 मध्ये.

भारतापुढेही पर्याय होते. युनेस्को कराराच्या सातव्या कलमाचा आधार घेता आला असता. पण ते कलम संग्रहालय, स्मारक किंवा तत्सम संस्थेच्या यादीत नोंदलेल्या वस्तूंबद्दल बोलते आणि प्रामाणिक खरेदीदाराला वाजवी भरपाई मागणाऱ्या देशाने द्यावी असेही सांगते. चोरीच्या आणि बेकायदा निर्यात झालेल्या सांस्कृतिक वस्तूंबद्दलच्या 1995 च्या युनिड्रॉ करारात खरेदीदाराने योग्य ती चौकशी केली होती का, हे अधिक कठोरपणे तपासले जाते. पण त्यात ना भारत सामील होता, ना ऑस्ट्रेलिया. तिसरा मार्ग दिवाणी दाव्याचा. त्याला पूर्वपीठिका होती: तमिळनाडूतल्याच दुसऱ्या एका नटराजासाठी लंडनच्या न्यायालयांत खटला लढला गेला, देवळाला दावा करण्याचा हक्क आहे हे तिथे मान्य झाले आणि मूर्ती 1991 मध्ये परत आली. मात्र त्यात बरीच वर्षे आणि पुष्कळ पैसा गेला होता. ऑस्ट्रेलियाच्या 1986 च्या कायद्याखाली थेट मागणी करणे सर्वांत सरळ होते. भारताने तेच केले आणि ते योग्यच होते.

संग्रहालयाने फेब्रुवारी 2014 मध्ये विक्रेत्यावर न्यूयॉर्कच्या न्यायालयात फसवणुकीचा दावा लावला होता. मार्चमध्ये मूर्ती प्रदर्शनातून काढली. या दोन पावलांचा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. विक्रेत्याने आपल्याला फसवले असे न्यायालयात सांगितल्यावर, मूर्तीवर आपला हक्क स्वच्छ आहे असे दुसरीकडे म्हणायला जागाच उरत नाही.

निष्पत्ती

5 सप्टेंबर 2014 रोजी दिल्लीत ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी भारताच्या पंतप्रधानांकडे ही मूर्ती सोपवली. तिच्याबरोबर ऑस्ट्रेलियातल्याच दुसऱ्या कलादालनाने त्याच विक्रेत्याकडून घेतलेली अर्धनारीश्वराची दगडी मूर्तीही परत आली.

नटराज लगेच देवळात मात्र गेला नाही. तो खटल्यातला मुद्देमाल होता. न्यायालयात हजर करून त्याला कुंभकोणमच्या सरकारी मूर्ती-सुरक्षा केंद्रात ठेवण्यात आले. विक्रेत्याला कुंभकोणमच्या न्यायालयाने नोव्हेंबर 2022 मध्ये, दुसऱ्या एका देवळातल्या मूर्तीचोरीच्या खटल्यात, दहा वर्षांची शिक्षा सुनावली. पकडल्यापासून निकालापर्यंत अकरा वर्षे.

संग्रहालयाने पुढे आपल्या आशियाई संग्रहाची स्वतंत्र तपासणी माजी न्यायाधीशांकडून करून घेतली आणि खरेदीचा निकष बदलला. आता वस्तू चोरीची, बेकायदा उत्खननातली किंवा बेकायदा निर्यात झालेली असण्याची शक्यता नसण्यापेक्षा जास्त दिसली, तरी ती संग्रहातून काढून परत देण्याची तयारी ते दाखवते. निर्णायक पुराव्यासाठी थांबायचे नाही, हा मोठा बदल आहे. 2021 मध्ये याच निकषावर त्याने आणखी चौदा कलाकृती भारताला परत करण्याचे जाहीर केले. त्यांतल्या तेरा याच विक्रेत्याशी जोडलेल्या होत्या.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत स्वस्त उपाय 2006 च्या आधी, गावातच होता. बंद देवळातल्या प्रत्येक मूर्तीची चारही बाजूंनी छायाचित्रे, उंची, वजन, तुटफूट आणि डागांची नोंद, आणि त्या नोंदीची प्रत देवळाबाहेर सुरक्षित. यासाठी ‘ऑब्जेक्ट आयडी’ नावाचा आंतरराष्ट्रीय नमुना 1997 पासून उपलब्ध आहे. तो भरायला कलेतिहासाची पदवी लागत नाही. या प्रकरणात एका संशोधन संस्थेच्या जुन्या छायाचित्रामुळे निभावले. ज्या देवळापर्यंत तो छायाचित्रकार पोचला नाही, तिथली मूर्ती कोणत्या आधारावर मागायची?

नोंद असून भागत नाही, ती वेळोवेळी मूर्तीशी पडताळावी लागते. 2006 ची चोरी 2008 मध्ये कळली. दर सहा महिन्यांनी कुलूप उघडून मोजदाद झाली असती, तर मूर्ती विकत घेतली जाण्याच्या आधीच पोलिसांच्या यादीत आली असती आणि संग्रहालयाने तीच यादी पाहिली होती. मूर्ती सुरक्षा केंद्रात हलवण्याला अनेक गावांचा विरोध असतो आणि तो समजण्यासारखा आहे, कारण देव गावाचा असतो. पण मोजदादीला कोणी विरोध केल्याचे माझ्या तरी ऐकण्यात नाही.

संग्रहालयाच्या बाजूने, सल्लागाराचे लेखी मत आल्यावर खरेदी थांबवून भारताच्या पुरातत्त्व खात्याला आणि तमिळनाडू पोलिसांना छायाचित्र पाठवणे शक्य होते. त्यांनी ते कदाचित फ्रेंच संस्थेकडे धाडले असते, कदाचित महिनोन् महिने उत्तरच दिले नसते. पण 50 लाख डॉलरच्या व्यवहारात सहा महिने थांबणे फार नव्हते. त्या सहा महिन्यांत देवळाचे दार उघडलेच होते.

कायद्याची दिशा अलीकडे बदलते आहे. युरोपीय संघाचा 2019 चा नियम जून 2025 पासून पूर्ण लागू झाला. अडीचशे वर्षांहून जुन्या पुरातत्त्वीय वस्तू संघात आणताना, ती मूळ देशातून कायदेशीररीत्या बाहेर आल्याचे आयातदाराने दाखवायचे आहे. जुलै 2024 मध्ये भारत आणि अमेरिका यांच्यात झालेला सांस्कृतिक संपत्ती करारही मूळ देशाला आणि सीमाशुल्क अधिकाऱ्याला वस्तू दारातच अडवण्याचे बळ देतो. इंटरपोलच्या चोरीच्या कलावस्तूंच्या यादीत 50 हजारांहून अधिक वस्तू आहेत आणि 2021 पासून ती फोनवरच्या ‘आयडी-आर्ट’ या ॲपमधून कोणालाही तपासता येते. अशी साधने तेव्हा मूर्तीच्या वाटेवर असती, तर पहिल्या दोन नियमांनी विक्रेत्याला निर्यात परवाना मागितला असता आणि तो त्याच्याकडे नव्हता. तिसऱ्या साधनात मात्र मूर्ती तेव्हाही सापडली नसती, कारण यादीत नाव घालणारे कोणी नव्हते.

राहिला प्रश्न मूर्तीच्या मुक्कामाचा. परत आलेल्या मूर्ती गावच्या देवळात पुन्हा बसवायच्या, तर मजबूत दार, गजर, रात्रपाळीचा रखवालदार आणि नियमित पूजा करणारा पुजारी एवढे एकत्र लागते. पुजाऱ्याला मी रखवालदाराइतकेच महत्त्व देतो. ज्या देवळात रोज सकाळी कोणीतरी दिवा लावायला जाते, तिथली चोरी दोन वर्षे लपत नाही. या गावात परतीच्या वाटाघाटींइतकेच काम पूजा पुन्हा सुरू करण्यावर व्हायला हवे होते, आणि त्याचा खर्च मूर्तीच्या किमतीपुढे नगण्य होता.